शाळा सोडल्याचे कारण

दाखल्यावर खालून दुसरा रकाना:
शाळा सोडल्याचे कारण.
जागा दीड बोटाची.
एकवीस वर्षं मी तिथे एकच लिहीत आले,
'पालकांच्या विनंतीवरून'.

उन्हामुळे आमची शाळा जूनच्या शेवटी उघडते.
तोवर व्हॅन गावात येऊन गेलेली असते,
पिवळी, मागच्या काचेवर ए फॉर ॲपल.
ओजसचे वडील पायरीखालूनच म्हणाले,
'बाई, तुमच्यात खोट नाही जी.
पण खाणीच्या साहेबायचे पोरं जिथं बसते
तिथं आपलंबी एखादं बसलं पाहिजे.'
शाई वाळेपर्यंत ते भिंतीवरचा
सतराचा पाढा पुटपुटत राहिले,
सतरा सक्कंला अडले.
माझ्या पहिल्याच वर्गातले ते.
तेव्हाही तिथंच अडायचे.

रस्ता चौपदरी झाला, तशा वाटा वाढल्या.
मडाव्यांचा सोनेराव आश्रमशाळेत,
पेटीला कुलूप, किल्ली करदोट्याला.
उरकुड्यांच्या जुळ्यांत एकाचा नवोदयला नंबर लागला,
पेढे आणावे की नाही, आठ दिवस घरात ठरेना.
वणीला जुन्या जिनिंगमध्ये फार्मसी कॉलेज,
रुईचा वास अजून प्रयोगशाळेत.
मोबाइलच्या दुकानावर अभ्यासिका, महिना पाचशे,
प्रत्येक खुर्चीखाली पोलीस भरतीचे बूट.
आठवीपासून पुढच्या मुली निळ्या बसनं जातात.
ती बस चार दिवस आली नाही
की एखादीचं लग्न ठरतं.

माझी मुलगीही त्या पिवळ्या व्हॅननंच जाते.
हे मी इथं लिहिते, स्टाफरूममध्ये बोलत नाही.
स्टाफरूम नाहीच.
एक कपाट आहे, लोखंडी, लाथ मारून उघडायचं.

परवा रेवता आली, सिडामांची,
दुसरीपर्यंत फळ्याला फया म्हणणारी.
अमरावतीला विद्यापीठात केमिकल इंजिनिअरिंग, यादीत नाव.
पण जातपडताळणीला
पन्नासच्या आधीचा पुरावा पाहिजे.
खाणीच्या शाळेत तो नाही, कॉलेजात नाही.
शनिवारी शाळा सुटल्यावर दोघी कपाटापुढं बसलो.
चव्वेचाळीस साल वाळवीनं खाल्लेलं,
सत्तेचाळीसवर कुणाच्या तरी कपाचं कडं.
अठ्ठेचाळीस, ऑगस्ट:
चिन्नू लक्ष्मा सिडाम. जात गोंड. वय अंदाजे आठ.
दाखल दोन तारखेला.
नाव कमी, तेरा तारखेला.
कारण: सतत गैरहजर.

'पणजोबा,' रेवता म्हणाली.
'त्यायले सही नाही ये. अंगठा करत.'
मग पेरांवर मोजलं तिनं: अकरा दिवस.
'त्यात एक रविवार आला असंन, बाई.'
आम्ही हसलो. मग बराच वेळ
कोणी पान उलटलं नाही.

उतारा लिहून दिला.
गोल शिक्का मारला, नीट उमटला होता,
तरी पुन्हा एकदा मारला.

टेबलावर पंचायत समितीचं पत्र आहे.
पट वीसच्या आत, आपली शाळा
पाच किलोमीटरवरच्या शाळेत समायोजित का करू नये,
खुलासा तीन दिवसांत.
मुलांसाठी ऑटोची सोय, मला आदेश.
कपाटाबद्दल पत्रात काही नाही.

आज ओजसची व्हॅन चुकली.
टाय, बूट, सगळं घालून तो
जुन्या जागी येऊन बसला, खिडकीजवळ,
जिथून डंपर मोजता येतात.
मी हजेरी घेत गेले. सतरा नावं संपली.
त्यानं हात वर केला:
'हजर, बाई.'

पेन माझ्या हातात होतं.
त्याच्या नावापुढं ओळ नव्हती,
नावच नव्हतं.
बाकीची मुलं
मी काय लिहिते ते बघत होती.